रूथ चकली घेत नाही

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. ड्राइव्हवेच्या कडेला शोव्हल केलेला बर्फ साचतो, तसे ते साचत जातात. रोज थोडा थोडा. मग एक दिवस बघावं, तर पलीकडची शेजाऱ्याची गाडी दिसेनाशी झालेली असते!

माझ्याजवळचे किस्से इथल्या, कॅनडातल्या किचनरजवळच्या एका हॉस्पिसमधले आहेत. जिथून पेशंटला बरं करून घरी पाठवत नाहीत, अशी ती जागा. माझी बायको मीनल २०१७च्या हिवाळ्यात तिथं गेली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ऐकणाऱ्याला उगाच आशा नको. मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी हळूच विचारतं, "तिकडे कसं होतं रे?" खरं उत्तर द्यायला लागलो, की समोरच्याच्या हातातली साबुदाण्याची खिचडी गार होते. म्हणून मी किस्से सांगतो.

तिथं डॉक्टर गुरुवारी यायचे. बाकी सगळं नर्सेस चालवायच्या. प्रत्येक शिफ्टची एक इन-चार्ज, आणि सगळ्यांच्या वर रूथ. गंमत अशी, की यातल्या कुणीही मरणाऱ्या माणसांपासून नोकरीला सुरुवात केलेली नव्हती. सगळ्या दुसऱ्या कुठल्या तरी खात्यातून आलेल्या.

आणि आमचा निखिल तेव्हा पार पश्चिम टोकाला, सरेला होता. दोन इंजिनियरांच्या पोटी जन्माला येऊन इलेक्ट्रिशियन होत होता. त्याची लायसन्सची परीक्षा महिनाअखेरीला होती. रोज फोनवर एकच प्रश्न: "बाबा, शुड आय कम नाऊ?" मीनल पलंगावरूनच हात हलवून नको म्हणायची. "पेपर होऊ दे त्याचा. मग सावकाश येऊ दे."

सावकाश म्हणजे किती, हे तिथं कुणी सांगत नसे. मध्ये अख्खा देश होता.

*

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मीनलच्या औषधाच्या पंपाची नळी कुडत्याच्या बाहीत अडकली. मी चष्मा शोधतोय, तेवढ्यात हेदर नावाची नर्स आली, खिशातून कात्री काढली आणि मनगटापासून खांद्यापर्यंत बाही सर्रकन फाडून मोकळी झाली!

लक्ष्मी रोडवरून आणलेला कुडता. मीनल बघतच राहिली.

"ओ माय गॉड, सॉरी!" हेदर म्हणाली. "जुनी सवय."

"इमर्जन्सीमध्ये होतीस ना?"

"तुला कसं कळलं?"

मीनलचा जन्म सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये गेलेला. ती म्हणाली, "मला डॉक्युमेंटेशन लागत नाही. वागणं बघून सांगते. पण हेदर, इथं कुणालाच घाई नाहीये गं. तुला एकटीलाच आहे!"

त्या दिवसापासून खेळ सुरू झाला. नर्स आधी कुठल्या खात्यात होती ते ओळखायचं. बरोबर आलं, की एक पॉइंट. प्रतिस्पर्धी मी. माझा स्कोअर शेवटपर्यंत शून्यच राहिला.

*

ग्रेस फिलिपीन्सची. ती दार पाठीनं ढकलून आत यायची आणि दोन्ही हात छातीसमोर वर धरलेले असायचे. मीनलला वाटलं, आपल्यासाठी नमस्कार शिकून आलीय बिचारी. ती पडल्यापडल्या हात जोडायची. ग्रेसला वाटलं, इंडियन लोकांत नर्सला असंच भेटतात. तीही मग हात जोडायची. चार-पाच दिवस दोघींचा हा सोहळा चालू होता!

एके दिवशी ग्रेसनं नुसते हात धुतले आणि समोर कुणीही नसताना खिडकीपाशी हात तसेच वर धरून उभी राहिली.

"ऑपरेशन थिएटर!" मीनल ओरडली.

ग्रेस हसून खाली बसली. म्हणाली, "खूप वर्षं. एकही पेशंट माझ्याशी बोलला नाही. सगळे झोपलेले. म्हणून इकडे आले."

"इकडेही झोपतातच की."

"हो," ग्रेस म्हणाली. "पण झोपायच्या आधी बोलतात."

*

मॅरिलिनला ओळखायला मीनलला वेळच लागला नाही.

एका दुपारी दुखणं फार चढलं. मीनलनं पलंगाचा दांडा धरला होता. इंजेक्शनचा असर व्हायला वेळ होता. मॅरिलिन पाठ चोळत होती. "छान. श्वास घे. सोड. शाब्बास. अजून पुश करू नकोस!"

पाठ चोळणारा हात थांबला.

मॅरिलिनचा चेहरा लालबुंद. आणि मीनल, दांडा तसाच धरून, हसायला लागली. दुखतंय म्हणून रडत होती, हसल्यावर जास्त दुखत होतं म्हणून आणखी रडत होती.

"मॅटर्निटी!" तिनं कसंबसं म्हटलं. मग हसू थांबलं. "मग कधी करू?"

मॅरिलिन म्हणाली, "मी सांगेन तुला. तिथंही मीच सांगायचे."

*

एका रविवारी करंदीकर काका भेटायला आले. सत्तरच्या दशकात इकडे आलेले डॉक्टर, आता रिटायर्ड, पण डॉक्टरकी काही रिटायर झालेली नाही. त्यांनी आधी मीनलला पॉझिटिव्ह राहायला सांगितलं. मग चार्ट कुठे आहे म्हणून शोधू लागले. दारात रूथ उभी होती. उंच, पांढरे केस, आवाज कधी चढत नसे.

"डॉक्टर कुठे आहेत?" काकांनी इंग्रजीत विचारलं.

"गुरुवारी येतात."

"मग आत्ता इन-चार्ज कोण?"

"मी."

"आय सी. आणि तुमचं बॅकग्राउंड काय?"

रूथ म्हणाली, "गव्हर्नमेंट."

काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "सरकारी नोकरी? मग झालं काम!"

मीनलनं उशीत तोंड लपवलं. काका गेल्यावर म्हणाली, "इन्कम टॅक्स असेल का रे?"

*

रूथ म्हणजे मीनलच्या टेस्टिंगच्या कारकिर्दीतला एकमेव न सापडलेला बग. ती कधी बसायची नाही. खुर्ची दिली तरी दाराच्या चौकटीला खांदा टेकून उभी. बोलताना दाराकडे पाठ नाही. खोलीतून निघताना खिशातलं पेन आणि कात्री चाचपून बघणार. आडनाव आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि ती काही घ्यायची नाही. आमची शेजारीण अनघा दर शनिवारी चकलीचा डबा आणून द्यायची. मीनलला खाववत नव्हतं, पण तो डबा उशाशी लागायचाच. आल्यागेल्याला एक चकली घेतल्याशिवाय सुटका नाही. हेदर उभ्याउभ्या दोन संपवायची. ग्रेस घरी न्यायची. रूथ म्हणायची, "थँक यू, मला चालत नाही."

"डायबेटिस आहे?"

"नाही."

"मग उपास?"

रूथ हसायची. घ्यायची मात्र नाही. मीनलचे अंदाज एकामागून एक पडत गेले. मिलिटरी? नाही. कस्टम्स? नाही. चर्चमधली नन? रूथ म्हणाली, "माझ्या दोन्ही नवऱ्यांना हे ऐकून आवडलं असतं!"

"मग सांगून टाक ना."

"तू ओळख. वेळ आहे."

वेळ आहे हे वाक्य तिथं फार कुणी वापरत नसे. मीनलला ते आवडलं होतं.

*

मग मीनलला एकदम बरं वाटायला लागलं. म्हणजे मला तसं वाटलं. तिनं सामान वाटायला काढलं. फोनवर अनघाला सांगितलं, "माझा मोठा कुकर घेऊन जा गं. ह्याला कुकर लावता येत नाही, तो भात जाळून शेगडीलाच दोष देईल!" विंटर कोट ग्रेसला दिला. ग्रेस त्यात बुडालीच. दोन स्वेटर, एक घड्याळ, चांगली छत्री. रोज कुणाला तरी काही तरी. "वाटण्यात मजा असते रे. घेताना एवढी कधी आली नाही."

त्या गुरुवारी डॉक्टर म्हणाले, अजून काही आठवडे आहेत. तिनं अर्धी वाटी सूपही घेतलं. मी निखिलला सांगितलं, "पेपर दे शांतपणे."

शुक्रवारी सकाळी मीनलनं तिच्या लोकरीच्या चपला खोली झाडायला येणाऱ्या बाईंना देऊन टाकल्या.

थोड्या वेळानं रूथनं मला कॉरिडॉरमध्ये बोलावलं.

"तुमचा मुलगा कधी येतोय?"

"महिनाअखेरीला. परीक्षा आहे त्याची."

"आज बोलवा."

"पण डॉक्टर तर म्हणाले, आठवडे आहेत. बीपी ठीक आहे. काल सूप घेतलं तिनं."

"हो. आणि आज चपला दिल्या," रूथ म्हणाली. "कोट दिला तेव्हा मी काही बोलले नाही. कोट बाहेर जायला लागतो. चपला पलंगावरून उतरायला लागतात."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी आधी जिथं होते, तिथं माणसाकडे सामान थोडंच असायचं. एक रेडिओ, एक मग, नूडल्सची पाकिटं. ज्यानं आपला रेडिओ दुसऱ्याला दिला, त्याच्यावर आम्ही त्याच दिवसापासून नजर ठेवायचो. डॉक्टरची वाट बघायची नाही. रेडिओ देणाऱ्याचं मनातून जगायचं संपलेलं असतं."

मी पार्किंग लॉटमध्ये जाऊन निखिलला फोन केला. एवढंच म्हटलं, "ये." त्यानं परीक्षेचं नाव काढलं नाही. "ऑन माय वे, बाबा."

*

खोलीत आलो, तर मीनल जागी.

"काय म्हणत होती रूथ?"

"काही नाही."

"टेस्टरपासून बग लपवतोस होय?"

मग मी सांगितलं. निखिलला बोलावल्याचं सांगितलं. चपलांचं सांगितलं. रेडिओचंही सांगितलं, जसं रूथनं सांगितलं तसं. सांगताना खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर बर्फ साफ करणारी गाडी पुढे-मागे करत होती. तिचं बीप-बीप तेवढं ऐकू येत होतं.

आणि मग मागून टाळी वाजली. क्षीण, पण टाळीच.

"जेल!"

मी वळलो. मीनलचे डोळे चमकत होते. रिलीजच्या आदल्या दिवशी एखादा बग सापडला, की असेच चमकायचे.

"अरे, जेलमध्ये नर्स होती ती! दाराकडे पाठ करायची नाही. पेन, कात्री मोजून परत न्यायची. आडनाव सांगायचं नाही. कैद्याकडून काही घ्यायचं नाही... सगळं बसतं बघ! सगळं बसतं!"

*

निखिल दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. अंगात सरेच्या पावसाचं पातळ जॅकेट, पायात कामावरचे बूट. आईचा हात धरून बसला. तिनं त्याच्या तळहातावरचे घट्टे अंगठ्यानं चाचपून बघितले आणि मान डोलावली.

दुपारी रूथ आली. नेहमीसारखी चौकटीला टेकून उभी राहिली. मीनलचा आवाज तोपर्यंत फार खाली गेला होता.

"जेल?" ती म्हणाली.

रूथनं माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"हो. पुरुषांचं."

"पॉइंट माझा."

"तुझा," रूथ म्हणाली.

मग रूथ आत आली. भिंतीजवळची खुर्ची तिनं उचलून पलंगाशी आणली, दाराकडे पाठ करून ठेवली आणि बसली. दार मागे सताड उघडं होतं. कॉरिडॉरमधून कुणी तरी ट्रॉली ढकलत गेलं. तिनं वळून पाहिलं नाही.

मीनलनं उशाकडे डोळे फिरवले. मी डबा उघडून पुढे धरला.

रूथनं एक चकली घेतली. अख्खी खाल्ली, अगदी सावकाश. मांडीवर पडलेले तुकडे बोटानं टिपून तेही खाल्ले.

निखिल एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. "आई, व्हॉट्स गोइंग ऑन?"

मीनलनं त्याचा हात सोडला नाही. माझ्याकडे बघून म्हणाली,

"तिला अजून एक दे."