सतापीचं तेल

बाटलीवर तळहात ठेवून अप्पा विचारायचे, "कुणासाठी?" उत्तर मिळेपर्यंत हात उचलायचे नाहीत. गिऱ्हाईक वैतागायचं, "अप्पा, तेल द्या की! पंचनामा कावून करताय?" अप्पा हसायचे, पण हात तिथंच.

वडवणीच्या बाजारात त्यांचं दुकान आणि माझा एसटीडी बूथ शेजारीशेजारी होते. मध्ये फक्त पत्र्याची भिंत. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे लावून अप्पा दुकानामागे तांब्याचं भांडं चुलीवर चढवायचे आणि ओवा, गवती चहा, नीलगिरी यांचं तेल काढायचे. वाफ नळीतून गार होत बरणीत उतरायची, वर तेलाचा पातळ थर तरंगायचा. ओव्याच्या दिवशी माझ्या बूथमधली माणसं शिंकत शिंकत बोलायची. एकाला तर पलीकडून सासऱ्यांनी दवाखान्यात जायला सांगितलं होतं.

"झाडाला पळता येत न्हाई," अप्पा म्हणायचे, "म्हणून ते वासानं भांडतंय. किड्याला मारतंय. तेच आपण बाटलीत भरतो. जपूनच वापराया पायजे."

दारातल्या कुंड्यांत वाढवलेल्या उग्र वासाच्या सतापीला मात्र ते स्वतःही बिचकून असत. तिचा पाला खुडून उन्हात गेल्यावर हातावर उठलेले फोड त्यांनी मला दाखवले होते. तिचं तेल फक्त दुखऱ्या सांध्यांसाठी, तेही तिळाच्या तेलात थेंबभर मिसळून चोळायला.

मग जिल्ह्याच्या गावी सोनोग्राफीचं यंत्र आलं. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा सगळंच नवं येत होतं. केबल टीव्ही, थंड पेयांच्या बाटल्या, माझा बूथसुद्धा. तिकडून परतणाऱ्या जिपा बाजारात थांबायच्या. सासवा बूथमध्ये शिरून गावाकडे फोन लावायच्या आणि दबक्या आवाजात सांगायच्या, "पोरगीच हाय." फोन ठेवला की सरळ अप्पांच्या दुकानात.

"लोकांचे गुडघे लई दुखायलेत," अप्पा एकदा म्हणाले. "सतापीचं तेल उरंना झालंय."

मी फोनवर ऐकलेलं त्यांना सांगितलं. ते पायरीवर बसले.

"मी इचारत व्हतो," ते म्हणाले. "त्या गुडघे म्हणत व्हत्या, आन् मी मान डोलवत व्हतो."

त्या दिवसापासून सतापीचं तेल बंद. उरलेली एक बाटली त्यांनी कुलपात ठेवली. ओतून द्यावी तर कुठं, ढोरं तोंड लावतील, याची त्यांना भीती.

आमचे दोघांचे गाळे जवळच्या गावच्या एका पुढाऱ्याचे होते. एका दुपारी त्याचीच जीप थांबली.

"अप्पा, ती बाटली द्या."

"बंद केलंय, मालक."

"एक तर आसंलच."

अप्पांनी कुंडीतलं सतापीचं एक पान खुडलं आणि जीपच्या मागच्या सीटपाशी गेले. तिथं पुढाऱ्याची सून बसली होती, विशीतली, खाली मान घालून. "लेकी, ह्याचा वास घे. ह्या तेलानं मूल पडतंय म्हणत्यात, पर त्याच्यानं बाईच मरती. कुणी कायबी प्यायला दिलं तर आधी वास घे. ह्यो वास आला तर पिऊ नको."

पुढारी चिडला नाही. नुसता म्हणाला, "गाळा आमचा हाय, अप्पा." मला त्याच्या शांतपणाचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं मागचं दार मोडलेलं होतं. तांब्याचं भांडं ठेचलेलं, आणि बाटली गायब. अप्पा मिळेल त्या एसटीनं पुढाऱ्याच्या गावाला गेले. परतले तेव्हा सदरा फाटलेला होता. "दारातच आडवलं," एवढंच म्हणाले. त्याच आठवड्यात गाळा रिकामा करायचा निरोप आला. "बहिणीकडं जातो," म्हणत ते ठेचलेलं भांडं घेऊन गाडीत बसले. कुठल्या गावाला, ते मी विचारलंही नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती सून बूथमध्ये शिरली. अनवाणी. माहेरच्या शेजाऱ्यांचा नंबर तिला पाठ होता.

"दादा, आत्ताच्या आत्ता न्यायला ये. आज दुधाला वास आलाय."

भाऊ येईपर्यंत ती बूथच्या कोपऱ्यात जमिनीवर बसून राहिली. मी दार लावून घेतलं. बाहेर प्रत्येक गाडीच्या आवाजाला आम्ही दोघंही दचकत होतो. दिवस मावळायच्या आत भाऊ मोटारसायकलवरून आला आणि तिला घेऊन गेला.

जिपा त्यानंतरही थांबत राहिल्या. बंद फळ्या बघून सासवा मला विचारायच्या, "तेलवाले अप्पा कुठं गेले?" मला खरंच माहीत नव्हतं. पण तेवढं सांगायच्या निमित्तानं मी जीपपर्यंत जायचो आणि अप्पांसारखंच मागच्या सीटवर कोण बसलंय ते बघायचो.