शहामृगाचं पाकीट आणि कबनूरचं स्थळ

तेव्हा माझं वय एकोणचाळीस होतं आणि मी पोह्यांमधला तज्ज्ञ झालो होतो. सात वर्षांत इतक्या घरी मुली बघून आलो होतो की, शेंगदाणे कुणी तळलेत आणि कुणी नुसतेच भाजलेत हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. नकार मात्र सगळीकडून एकाच चवीचा यायचा. मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर आहे. पगार वेळेवर, व्यसन नाही, घर स्वतःचं. पण मुलींना पुणं पाहिजे असतं, आणि पुणं काही मला उचलून कोल्हापुरात आणता येत नव्हतं.

शेवटच्या नकाराबरोबर मध्यस्थानं कारणही कळवलं : पोरगं सरळ आहे, पण वजन पडत नाही. माझ्या प्रत्येक कार्यक्रमाला येणारे मामा म्हणाले, अंगावर एक तरी भारी वस्तू दिसली पाहिजे. घड्याळ सगळेच घालतात. गळ्यात चेन घातली की मी कुणा पुढाऱ्याचा ड्रायव्हर दिसतो. म्हणून लांब पाकीट ठरलं.

राजारामपुरीतल्या दुकानदारानं तीन पाकिटं समोर मांडली. एक साधं. दुसरं मगरीचं दिसत होतं, पण होतं म्हशीचंच, वर नुसता छाप. तिसरं खरोखर शहामृगाचं. तपकिरी, आणि अंगभर बारीक बारीक उठाव. पिसं उपटलेल्या जागा त्या, असं तो म्हणाला. मला ती पिसं काढलेली कोंबडी दिसत होती, पण चेहरा जाणकाराचा ठेवून मी तेच उचललं. किंमत आईला अजून सांगितलेली नाही. पैसे घेताना त्यानं बजावलं की पाणी, ऊन, तेल यांपासून लांब ठेवा आणि मागच्या खिशात घालून बसू नका.

कोल्हापूरच्या माणसाला चामड्यावर उपदेश करायचा म्हणजे हद्दच झाली. मी हसून मान डोलावली. आमच्याकडं नवी चप्पल आणली की पहिले दोन-तीन दिवस तिला एरंडेल पाजतात, मग ती पायाशी बोलायला लागते. हे पाकीट हाताला जरा कडकच वाटत होतं. कबनूरला मुलगी बघायला जायच्या आदल्या दिवशी मी त्याला चांगलं अर्धी वाटी एरंडेल पाजलं. ते प्यालंही असं, की आफ्रिका सोडल्यापासून त्याला कुणी काही विचारलंच नसावं. रंग गडद झाला. मला वाटलं, किंमत वाढली.

कबनूरचं स्थळ साधं नव्हतं. मुलीनं फोटो बघून स्वतःहून ‘येऊ देत’ म्हटलेलं ते पहिलंच. आणि निघताना आई चपला घालता घालता म्हणाली, “ह्ये शेवटचं बग. ह्याच्याम्होरं मी कुणाच्या दारात जायाची न्हाय.”

मुलीच्या वडिलांचे यंत्रमाग होते. वैशाखातली दुपार, वर पत्रा, पंखा गरम वारा फिरवत होता. मी पांढरा शर्ट घातलेला, आणि छातीच्या खिशातून पाकीट चार बोटं वर डोकावत होतं. पोहे आले तसं माझ्या लक्षात आलं की सगळे माझ्या खिशाकडंच बघतायत. मी छाती आणखी पुढं काढली. कोपऱ्यात बसलेल्या तिच्या काकांनाही दिसावं म्हणून थोडा वळून बसलो. मामा सारखे खाकरत होते. मला वाटलं, शाबासकी आहे.

तिचे वडील उठले, चष्मा लावला, आणि ताग्याचं कापड धरावं तसा माझा शर्ट दोन बोटांत धरला.

“पावणं, तेल लागलंय की.” मग नीट निरखून, “आनि पसराय लागलंय अजून.”

मी खाली बघितलं. छातीवर बशीएवढा पिवळा डाग, आणि तो खरोखर चालत होता.

तरीही दोघांनी बोलून घ्यावं म्हणून आम्हाला गॅलरीत पाठवलं. कापड तपासायचं काम तीच करायची. दिवसभर तुटलेले धागे आणि तेलाचे डाग शोधायचे. तिनं विचारलं, कशाचं चामडं? मी सांगितलं.

“मग तेल कशाला घातलासा?”

“चपलेला घालतोय की आमी.”

ती भिंतीला हात टेकून हसली. मीही हसलो. त्या पाच मिनिटांत मनातल्या मनात मी दोन पोरांची नावंसुद्धा ठेवून टाकली. मग तिची नजर माझ्या बोटांवर गेली.

“आनि नखात ह्ये?”

“मशीनचं. घासूनबी जात न्हाय,” मी म्हणालो. काय अभिमानानं म्हणालो!

ती हसायची थांबली. रागावली नाही, नुसती मान हलवली, काहीतरी हिशेब लागल्यासारखी.

तिसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला. पाकिटाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. तिनं वडिलांना सांगितलं होतं की पोरगा चांगला आहे, हसवतो, पण सगळं आयुष्य तेलाचे डाग बघण्यात गेलं, आता घरात तेच नको. मी म्हणालो, तिला सांगा, शर्टावरचं एरंडेल होतं, मशीनचं नव्हतं.

“आनि नखातलं?” मध्यस्थानं विचारलं.

ते मशीनचंच होतं. लेथ सोडून मला येतं काय?

आईला मी सांगितलं की त्यांनी थोडी मुदत मागितली आहे. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर माझे फोटो, बायोडाटा, पत्रिकेच्या झेरॉक्स असं सगळं तिनं एका पिशवीत भरून, तोंडाला गाठ मारून कपाटावर ठेवलं होतं. त्याला दोन वर्षं झाली. ती पिशवी खाली काढ, असं मी म्हटलेलं नाही, आणि काढू का, असं तिनंही विचारलेलं नाही.