बैल कुठनं वळणार?

इंग्रजांच्या काळात निपाणीजवळच्या आमच्या म्युनिसिपालटीत मी कारकून होतो. बांधकामांचे नकाशे तपासायला गावातलेच चार जण बिनपगारी नेमत. त्यांतले एक तंबाखू पिकवणारे जैन शेतकरी. त्यांना सगळे अण्णाच म्हणत.

नकाशा पुढं ठेवला की अण्णा चष्मा काढून विचारत, "बैल कुठनं वळणार रं?" मग स्वतःची भरलेली गाडी त्या गल्लीत घालत. बांधकामाची हद्द दाखवायला जागेवर ताणलेल्या दोरीला गाडीचा कणा लागला, की नकाशा परत. लोक चिडत. उन्हात मागनं फिरून मीही वैतागत असे.

एकदा अध्यक्षांच्याच माडीची दोरी कण्याला लागली. अण्णांनी तोही नकाशा परत केला.

पुढच्या वर्षी नेमणुकीत त्यांचं नाव नव्हतं. सांगायला मीच गेलो. बैलांना पाणी पाजत ते म्हणाले, "बरं झालं. तुजा बी हेलपाटा वाचला."

माडीच्या मंजुरीवर शिक्काही मीच मारला.

माडी उभी राहिल्यावर दर बाजारी तिच्या कोपऱ्यावर कुणाची तरी गाडी अडे. अण्णा आपली गाडी थांबवून उतरत, अडलेल्या गाडीच्या चाकाला खांदा लावून ती सोडवत. माडीकडे ते मान वर करून बघत नसत. माझ्याकडे मात्र बघून हसत.