गुरुवारचं पाणी

गुरुवारी या पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी. एरवी टेम्पोंनी कोंडलेली प्लेटिंगवाल्यांची गल्ली त्या दिवशी इतकी रिकामी असते, की पत्र्यावर चालणाऱ्या कावळ्याची नखं ऐकू येतात. याच दिवशी गाळेवाले टाक्या धुतात. लोखंडी पार्टांवर जस्ताचा मुलामा चढवून थकलेलं पिवळं पाणी मागच्या नाल्यात सोडतात. नाला नदीकडे जातो. बघायला कोणी नसतं.

मारुतरावही तसंच सोडत. बीडकडून आले तेव्हा त्यांना हे काम दत्तोबानं शिकवलं. दत्तोबा मूळचा इथला. गाळे उभे आहेत ती जमीन त्याच्या घराण्याची. आधी मारुतराव त्याच्याकडे कामाला होते, मग शेजारचा गाळा त्याच्याकडूनच भाड्यानं घेऊन त्यांनी स्वतःचा धंदा मांडला. दुपारी दोघं एकत्र जेवत. बायको गेल्यावर मारुतरावांचं कुणाबरोबर होणारं तेवढं एकच जेवण उरलं. संत तुकाराम नगरातल्या घरी ते उभ्याउभ्याच खात.

एकदा पुलावरून जाताना त्यांना खाली मेथी धुणारी बाई दिसली. नाला नदीला मिळतो तिथेच ती जुड्या बुचकळत होती. जुड्या हिरव्यागार झाल्या आणि टोपलीत गेल्या. मारुतरावांच्या पिशवीतही त्या दिवशी मेथी होती. ती त्यांनी पुलाच्या कठड्यावर ठेवली आणि तशीच सोडून आले.

पुढच्या गुरुवारपासून त्यांचं पाणी टँकरनं शुद्धीकरण केंद्राकडे जाऊ लागलं. रिकाम्या गल्लीत टँकर वळवणं त्याच दिवशी शक्य होतं. खर्च वाढला तसा मुलाम्याचा दर वाढवावा लागला आणि जुनी गिऱ्हाइकं एकेक करून शेजारच्या गाळ्यांत गेली. गल्लीनं आधी नुसती थट्टा केली. चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणे, "सरका, गंगाजलवाले आले." दत्तोबाही हसायचा. पण डबा मात्र त्यांच्याबरोबरच उघडायचा.

मग चाकणच्या मोठ्या कंपनीनं, जिचं काम गल्लीतले बरेच जण करत, एक माणूस पाठवला. परदेशातली गिऱ्हाइकं आता पार्टाबरोबर त्याच्या पाण्याचीही चौकशी करू लागली होती. अजिंक्य नावाचा हा मुलगा हिंजवडीच्या ऑफिसातून आला. तिकडे शनिवार-रविवार सुट्टी. इथली गुरुवारची सुट्टी त्याला ठाऊक नव्हती, म्हणून नेमका गुरुवारी आला. समोरून उघडा गाळा एकच होता; बाकीचे दार लावून मागच्या मागे टाक्या धूत होते. टँकर बघून तो खूश झाला आणि मारुतरावांना घेऊन मागच्या बाजूला गेला.

नाला पिवळा वाहत होता.

हे कुणाचं, असं त्यानं विचारलं. मारुतराव म्हणाले, मला माझं विचारा. मुलगा थांबला. त्या थांबण्यात मारुतरावांची नजर उचलली गेली आणि दत्तोबाच्या पाइपावर जाऊन टेकली. क्षणभरच. मुलानं त्या दिशेनं मोबाइल धरून फोटो घेतला. वर दत्तोबाच्या घराच्या गच्चीवर त्याची सून कपडे वाळत घालता घालता खाली बघत होती.

कंपनीनं दत्तोबाचं काम थांबवलं. ते मारुतरावांना देऊ केलं. त्यांनी नको म्हटलं, तेव्हा ते तळेगावकडे गेलं. नको म्हटल्याचं त्यांनी गल्लीत कुणाला सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी कुणाला पटलं नसतं. टपरीवरची थट्टाही बंद झाली. ते आले की बाकावर जागा व्हायची, जरा जास्तच. दुपारी ते डबा टाकीच्या कठड्यावर ठेवून एकटे जेवू लागले. शेजारच्या भिंतीपलीकडे दत्तोबा कधी जेवतो, याचा अंदाज ते भांड्यांच्या आवाजावरून घेत.

दिवाळीनंतर दत्तोबानं गावालगतचं उरलेलं वावर विकलं आणि पाणी साठवायची टाकी बांधली. काम परत मिळालं. त्याचाही टँकर गुरुवारी येऊ लागला. दोन्ही टँकर अर्धेच भरून जायचे आणि पैसे पुऱ्याचे पडायचे. एका गुरुवारी मारुतराव त्याच्या दारात गेले. दोघांत एकच टँकर बोलवू, एवढंच ते म्हणाले.

दत्तोबा हातमोजे काढत होता. त्यानं वर न बघता विचारलं, "त्या पोराला माजं नाव तू सांगितलंस का न्हाई?"

नाही, एवढं म्हटलं असतं तर ते खरंच ठरलं असतं. मारुतरावांना भिंतीपलीकडचा भांड्यांचा आवाज आठवला. तो पुन्हा जवळून ऐकता आला असता.

"नाव नाही घेतलं, दत्तोबा. पण मी तुझ्या पाइपाकडे बघितलं. त्यानं ते पाहिलं."

दत्तोबानं काढलेल्या हातमोज्याची बोटं एकेक करून सरळ केली.

"इतकं बी खरं बोलायचं नसतं, पाव्हणं," तो म्हणाला. "पानी सोडायचं ते वाईटच व्हतं, त्याचा राग न्हाई. पर तू येऊन मला एकदा म्हनाला असतास, बंद कर म्हनून. टँकर लावल्यावर बी दोन वर्सं शेजारी बसून जेवलास."

मारुतरावांना हे कधी सुचलंच नव्हतं. आपलं पाणी आपण आवरलं की झालं, असं ते धरून चालले होते.

एकच टँकर करायचं का, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दत्तोबानं आपल्या टँकरच्या ड्रायव्हरला हाक मारली. मारुतराव गल्लीत बाजूला सरकले, त्याचा टँकर निघून जाऊ दिला आणि मग आपला आत घेतला.