सगळ्यात हलका शब्द

इंग्रजीत नावड सांगायचे शब्द मला जालन्याच्या विलायती डॉक्टरीणबाईंनी शिकवले. निजामाच्या राज्यात आमची शाळा उर्दूतून झालेली, इंग्रजी जेमतेम. बाईंना मराठी येत नव्हती, म्हणून खेड्यांतून येणाऱ्या बायकांचं बोलणं इंग्रजीत सांगायला त्यांनी मला ठेवलं होतं. सुरुवातीला मी सगळ्यालाच ‘हेट’ म्हणायचो. औषध कडू लागलं तरी हेट, खाट टोचली तरी हेट. बाई हसायच्या. मग त्यांनी एकेक शब्द वेगळा करून दाखवला. डिसलाइक म्हणजे पानातलं कारलं. बाजूला सारलं की संपलं. हेटमध्ये राग हवा, झोपून उठल्यावरही उरणारा. डिस्पाइज करणारा समोरच्याला आपल्याहून खालचा समजतो. आणि लोद म्हणजे शिसारी. नुसतं कुणी जवळ आलं तरी अंग आक्रसतं.

दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, “मंग आमच्या घरचीला माझ्यासाठी कोणता लागू?”

“हेट,” मी म्हणालो.

“न्हाई हो. तितकी मेहनत ती घेत न्हाई.”

या शब्दांचा मला गर्व झाला होता.

एका उन्हाळ्यात शहागडकडची एक सून बैलगाडीतून आली. सासरा घेऊन आला होता. मी त्याला ओळखत होतो. त्याच्या धाकट्या मुलाशी माझ्या बहिणीचा साखरपुडा झालेला होता. सुनेच्या पोटावर आणि दंडांवर तापलेल्या विळ्याचे डाग होते, काही जुने, काही ओले.

“पोट लई दुखत व्हतं, म्हून डाग दिल्ता,” सासरा म्हणाला. “आपल्याकडं देतेतच की, पाव्हणं.”

देतात, हे खरं होतं. लहानपणी आईनं मलाही दिला होता. पण पोटदुखीला दंडावर कुणी डाग देत नाही. बाईंनी त्याला बाहेर लिंबाखाली बसवलं आणि मला सांगितलं, त्या घराबद्दल तिला काय वाटतं ते विचार.

सून खाली बघत म्हणाली, “तिथलं पाणी मला सोसत न्हाई, दादा.”

आमच्या भागात सासुरवाशीण याहून उघड बोलत नाही. उरलेलं ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं असतं. तेवढ्यात बाहेर सासरा खाकरला आणि तिनं दोन्ही दंड अंगाशी ओढून घेतले. कोणता शब्द सांगायचा ते मला कळलं.

बाई म्हणाल्या, “नुसती नावड असेल तर मला तिला परत पाठवावं लागेल, खाटा भरल्या आहेत. त्याहून जास्त असेल तर मी तिला इथं ठेवून घेते, काम देते. सासऱ्याशी मी बोलेन. शब्द जपून सांग.”

लोद जिभेवर आला होता. पण तो उच्चारला असता तर सासऱ्यानं मला विचारलं असतं, मडमला काय सांगितलंस. सोयरीक मोडली असती. साखरपुडा झालेली बहीण घरात राहिली असती आणि आमच्या अंबडच्या बाजारात लोकांनी आईला अडवून कारण विचारलं असतं.

“शी डिसलाइक्स इट, मॅडम.”

“नॉट मोर?”

“नो, मॅडम.”

सुनेनं बाईंचा चेहरा पाहिला. “काय म्हणल्या बाई?”

“मलम लावत राहा म्हणल्या.”

 ती पदर सावरून उठली आणि गाडीत जाऊन बसली.

पाऊस लागण्याआधीच अंबडहून आलेल्या एका माणसानं सांगितलं, ती गोदावरीच्या डोहात सापडली. पाणी भरताना पाय घसरला, असं घरचे म्हणत होते. पुढं बाईंनी एकदा तिच्या डागांची चौकशी केली. बरे झाले, असं मी सांगितलं.

बहिणीचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. मी ते थांबवलं नाही. थांबवायचं तर का, हे सांगावं लागलं असतं. मी अक्षता टाकल्या. आज केस पिकले तरी स्वतःसाठी कोणता शब्द वापरावा, हे मला ठरवता येत नाही. डिस्पाइज जवळचा वाटतो. पण तो वापरायला माणूस वर कुठंतरी उभा असावा लागतो.

लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला बहीण माहेरी आली. गोठ्यापाशी तिला एकटी गाठून मी विचारलं, “कसं हाय घर?”

“बरं हाय.”

“बरं म्हंजे?”

“बरं म्हंजे बरं! दवाखान्यात राहून लई खोदून इचारून राह्यला तू, दादा. आता काय मडमवानी इंग्रजीत सांगू?”

ती हसली. तिच्या चोळीच्या बाह्या कोपरापर्यंत होत्या. बाही वर कर, असं म्हणायचा मला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून मीच तिला पोचवायला गेलो. सासरा पुढं आला, तिचं गाठोडं त्यानं उतरवून घेतलं.

“बसा पाव्हणं. इतकी काय जल्दी?”

बहीण पदर ओढून आत गेली. मी बैल सोडलेच नाहीत. गाडी अंगणातच वळवली.