सात नंबरच्या ताई

"धरून ठेवा जी, लाईन येऊन राहिली," असं ताई म्हणायच्या आणि म्हणतानाच हेडसेटची पट्टी बोटाने केसांवर थोडी मागे सारायच्या. दिवसातून दोनशे वेळा तरी. नियमाप्रमाणे हे वाक्य इंग्रजीत म्हणायला हवं होतं. त्याबद्दल सुपरवायझरबाईंनी त्यांना दोनदा लेखी समज दिली. ताईंनी दोन्ही कागदांवर व्यवस्थित सही केली, कागद परत दिले आणि पुढच्या कॉलला पुन्हा तेच म्हणाल्या.

मी नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक म्हणून लागलो तेव्हा माझं वय बावीस होतं आणि ताईंचं चाळीस. ट्रंकच्या हॉलमध्ये एका रांगेत वीस बोर्ड होते आणि प्रत्येक बोर्डासमोर एक ऑपरेटर. ताई सात नंबरवर बसायच्या. नावाने त्यांना कोणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. सगळ्यांच्या त्या सात नंबरच्या ताई. मूळच्या उमरेडच्या, घरी हातमाग. मॅट्रिक झाल्यावर एसटीने नागपूरला आल्या, नोकरीला लागल्या आणि इतवारीत एका खोलीत एकट्या राहिल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारण्याइतका धीट आमच्यात कोणी नव्हता.

ट्रंक कॉल म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. दिल्लीला बोलायचं तर आधी कॉल बुक करायचा आणि फोनजवळ बसून राहायचं. एक तास, चार तास, कधी दिवसभर. तुमचा नंबर आला की ऑपरेटर इकडची दोरी तिकडच्या भोकात खुपसून तुम्हाला जोडून द्यायची. नागपुरातला संत्र्याचा सगळा व्यापार या दोऱ्यांवर चालायचा. दिल्लीत आज काय भाव फुटला हे कळायला दुपार व्हायची, तोवर इकडे वॅगन भरून निघालेली असायची.

मोसमात व्यापाऱ्यांची घाई विचारू नका. एका अडत्यांनी एकदा ताईंच्या नावाने संत्र्यांची टोपली पाठवली. ताईंनी स्वतः त्यांना फोन लावला आणि शांतपणे सांगितलं की तुमचा कॉल अकरावा आहे, टोपलीने तो दहावा होत नाही, माणूस पाठवा आणि टोपली घेऊन जा. अकराव्या नंबरला त्यांचा कॉल लागला तेव्हा लाईन इतकी खराब होती की दिल्लीचं इकडे काही समजेना. मग ताईच मध्ये बोलू लागल्या. अडत्यांचं मराठी ऐकायचं, दिल्लीला हिंदीत सांगायचं, तिकडचं इकडे आणायचं. दहा मिनिटं घसा फोडून त्यांनी त्याच माणसाचा सौदा जमवून दिला. संध्याकाळी आवाज बसला होता. मी म्हटलं, कशाला एवढं करायचं? त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "त्याचा नंबर होता ना गा," त्या म्हणाल्या.

त्यांची एक गोष्ट मात्र मला नीट सांगायची आहे. त्या दिवशी मी हॉलमध्येच होतो, बारा नंबरच्या बोर्डावर काम करत होतो.

आदल्या दिवशीच्या वादळात उमरेडच्या रस्त्यावर झाडं आणि खांब पडले होते. नागपूर-उमरेड लाईन बंद होती, बसही बंद. दुपारी ताईंच्या बोर्डावर भंडाऱ्याचा दिवा लागला. भंडाऱ्याची ऑपरेटर म्हणाली, कॉल उमरेडचा आहे. उमरेडच्या ऑपरेटरने नागपूर मिळत नाही म्हणून उलट्या दिशेने भिवापूर पकडलं होतं, भिवापूरने पवनी आणि पवनीने भंडारा. तीन गावं फिरून आवाज आला होता, तो मुंगीसारखा. उमरेडच्या दवाखान्यात एक बाई अडली होती. मूल पायाकडून येत होतं. डॉक्टर गावात नव्हते, नर्स एकटी आणि नवखी.

ताईंनी नागपूरच्या एका मोठ्या डॉक्टरीणबाईंना फोनवर घेतलं. पण त्यांना उमरेडचं एक अक्षर ऐकू येईना. ताईंना येत होतं. तेव्हा त्यांचा कान असा होता की खरखरीतून त्या माणसाचा श्वाससुद्धा वेगळा काढायच्या. त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तुम्ही मला सांगा, मी तिकडे सांगते. उमरेडला कंपाउंडर रिसीव्हर धरून दारात उभा होता. तो ऐकायचा आणि आत नर्सला ओरडून सांगायचा.

हॉलमध्ये आम्ही चार-पाच पुरुष होतो. दोन ऑपरेटर मुली अजून लग्नाच्या होत्या. एरवी बाळंतपणाचं काही बोलायचं झालं तर बायका आवाज खाली आणायच्या. ताई सगळा हॉल ऐकेल अशा आवाजात बोलत होत्या. "ओढू नका म्हणा तिले. बेंबी दिसेपर्यंत हात लावू नका. कळ येईन तेव्हाच जोर कराचा. गरम फडकं घ्या हातात." मग थांबायच्या, ऐकायच्या, डॉक्टरीणबाईंना सांगायच्या, पुन्हा वळून उमरेडला. सुपरवायझरबाई उठून त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी शेजारच्या दोन्ही बोर्डांना हातानेच खूण केली, की सातचे कॉल तुम्ही घ्या.

किती वेळ गेला मला सांगता येत नाही. शेवटी ताई बोलायच्या थांबल्या. दोन्ही हातांनी हेडसेट कानावर दाबून बसल्या. मग म्हणाल्या, "रडलं."

डॉक्टरीणबाईंना त्यांनी आई कशी आहे तेही विचारून सांगितलं, दोऱ्या काढल्या आणि उठून माठाकडे गेल्या. मी जवळच होतो. त्यांनी पेलाभर पाणी पिऊन घेतलं. "माह्या गावची होती गा," त्या म्हणाल्या, "अन कोनाची कोन, ते इचाराचं राहूनच गेलं."

त्यांचा कान कधी जायला लागला ते कोणाला समजलं नाही. वीस-पंचवीस वर्षं त्या खरखरीत कान घातल्यावर जायचाच. आधी डावा गेला. तेव्हा त्यांनी हेडसेट उजवीकडे घेतला आणि कोणाला काही सांगितलं नाही. मग माझ्याकडे तक्रारी येऊ लागल्या, सात नंबरला आवाज कमी येतो. मी दोनदा बोर्ड उघडून पाहिला. काही दोष नव्हता. तिसऱ्यांदा मी त्यांचा हेडसेट माझ्या कानाला लावला. रायपूरची ऑपरेटर शेजारी बसल्यासारखी बोलत होती.

ताई माझ्याकडे पाहत होत्या. "तुले ऐकू आलं?"

"आलं, ताई."

"बरं," त्या म्हणाल्या आणि बोर्डाकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या सामानातून एक छोटा ॲम्प्लिफायर शोधला आणि सात नंबरच्या आत बसवला. वरिष्ठांना न विचारता असं काही बसवणं म्हणजे नोकरीवर गदा. पण बाहेरून काही दिसत नव्हतं. दर पाच-सहा महिन्यांनी मी त्याचा स्क्रू थोडा पुढे फिरवायचो. सात वर्षं फिरवला. त्याबद्दल आम्ही दोघं कधी एक शब्द बोललो नाही.

मग एसटीडी आलं. मला ट्रेनिंगला पाठवलं आणि परत आल्यावर वरच्या मजल्यावर नवीन यंत्रं बसवणाऱ्या तुकडीत घातलं. खरं सांगायचं तर मी फार खूश होतो. घरी बसून चक्र फिरवा आणि दिल्लीशी बोला, ही गोष्ट मीच चार ठिकाणी अभिमानाने सांगत फिरलो. पहिल्याच आठवड्यात ते टोपलीवाले अडते आम्हाला भेटायला आले. वॅगन भरायच्या आधी भाव कळतो म्हणाले, आता कोणाच्या तोंडाकडे पाहायला नको. घरी त्यांनी फोनच्या चक्राला छोटं कुलूप लावलं होतं. मुलं उठसूट मुंबईच्या मामाला फोन करतात म्हणून.

ट्रंकचे वीस बोर्ड होते त्यांचे बारा झाले, बाराचे सहा. बोर्ड काढायचं काम माझंच. यादीत सात नंबर आला तेव्हा ताईंना तक्रार विभागात बदली मिळाली होती. लोक फोन करून आपला बंद पडलेला नंबर सांगणार, तो लिहून घ्यायचा. मी त्यांना गाठलं आणि म्हटलं, काळजी करू नका, तिथल्या टेबलाखालीही मी तसाच ॲम्प्लिफायर जोडून देतो. कोणाला कळणार नाही.

ताईंनी हातानेच नको केलं. मग म्हणाल्या, "ट्रंकमंदी एखादा शब्द सुटला तर पुन्हा इचारता येते. माणूस लाईनीवर असते, थांबते. तिथं नुसते आकडे आहेत. म्या पाचाचे सात लिहिले तर कोनाचा तरी फोन महिनाभर मुका राहीन. अन त्याले समजनार बी नाही काहून."

"मग काय करायचं, ताई?"

"सांगून टाकाचं."

त्यांनी अर्ज लिहिला. त्यात लिहिलं होतं की गेल्या काही महिन्यांपासून मला कमी ऐकू येऊ लागलं आहे. मी तो अर्ज पाहिला. सात वर्षांचे काही महिने त्यांनी माझ्यासाठी केले होते. दुसरं काही खोटं त्यांनी कधी लिहिलं असेल असं मला वाटत नाही. सात नंबरचा बोर्ड मी एकट्याने उघडला, आतला तो ॲम्प्लिफायर काढून खिशात टाकला, आणि मग बाकीच्यांना बोलावलं.

त्यांना सक्तीने घरी बसवतील अशी मला भीती होती. पण खालच्या मजल्यावर पब्लिक कॉल ऑफिसच्या काउंटरवर एक जागा रिकामी होती आणि तिथे कोणालाच जायचं नव्हतं. दिवसभर गर्दी, आरडाओरडा. ताईंना तिथे बसवलं. माणूस समोर उभा असला की त्यांना ओठांवरून कळायचं, आणि नंबर लोक कागदावर लिहूनच आणायचे.

एसटीडी म्हणजे सगळ्यांना सोपं झालं असं आम्ही वरच्या मजल्यावर समजत होतो. खाली वेगळं चित्र होतं. ज्यांच्या घरी फोन नाही, ज्यांना शून्य आधी की मागे हे ठाऊक नाही, अशी माणसं पूर्वी "दिल्ली लावून द्या" म्हणायची आणि बाकी ऑपरेटर पाहायची. आता ऑपरेटरच नव्हती. ताईंनी एका पुठ्ठ्यावर गावांचे कोड मोठ्या मराठी आकड्यांत लिहून काचेला लावले. काटोलकडच्या एका म्हातारीचं बोट धरून तिला चक्र फिरवायला शिकवताना मी त्यांना पाहिलं. फिरवायचं, सोडायचं, चक्र परत येईपर्यंत थांबायचं. म्हातारीला थांबणं जमेना. ताईंनी तिच्याकडून दहा वेळा करून घेतलं. मागची रांग कुरकुरत होती. ताईंना ती कुरकुर ऐकू येत नव्हती, की आली तरी त्यांनी लक्ष दिलं नाही, कोण जाणे.

मोसमात काटोलचे संत्रेवाले शेतकरी येऊ लागले. सकाळच्या बसने यायचे, माल बाजारात उतरवायच्या आधी ताईंच्या काउंटरवर. दिल्लीच्या मंडीतला कोणाचा तरी नंबर त्यांनी मिळवला होता. ताई नंबर फिरवून द्यायच्या, शेतकरी भाव विचारायचा आणि मग अडत्याकडे जायचा. आजवर अडत्याने सांगितला तोच दिल्लीचा भाव होता. आता शेतकऱ्याकडे स्वतःच्या कानांनी ऐकलेला भाव होता.

तेच टोपलीवाले अडते एक दिवस काउंटरवर आले. मी काही कामाने तिथे होतो. ते चांगले गृहस्थ होते, भांडखोर नव्हते. पण चेहरा उतरलेला होता. म्हणाले, "ताई, या लोकांना तुम्ही शिकवून राहिल्या. आमचा चाळीस वर्षांचा धंदा आहे."

ताईंनी त्यांच्या ओठांकडे नीट पाहत सगळं ऐकून घेतलं.

"मी नंबर फिरवते, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमचाबी फिरवला होता."

अडते हात जोडून निघून गेले. ताईंनी रांगेतल्या पुढच्या माणसाचा कागद घेतला. मला वाटलं होतं त्या माझ्याकडे पाहून हसतील. हसल्या नाहीत. त्यांना त्या गृहस्थांचं वाईट वाटलं असावं.

वयाची अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर त्या निवृत्त झाल्या आणि उमरेडला भावाकडे राहायला गेल्या. निरोपाच्या समारंभात साहेब पंधरा मिनिटं बोलले. ताई पहिल्या रांगेत बसून लक्षपूर्वक ऐकत होत्या, आणि साहेब कागदात तोंड घालून वाचत असल्यामुळे त्यांना काहीच कळत नव्हतं हे फक्त मला ठाऊक होतं. टाळ्या झाल्या तेव्हा मी मान हलवून खूण केली, आणि त्या उठून नमस्कार करायला पुढे आल्या.

त्यानंतर मी दोनदा उमरेडला जाऊन आलो. तिसऱ्यांदा जाईन जाईन म्हणत राहिलो. दरम्यान मला बढती मिळाली, टेबलावर तीन फोन आले. उमरेडलाही एसटीडी पोचलं, त्याचं काम मीच पाहिलं होतं.

एक दिवस टपालात पोस्टकार्ड आलं. ताईंच्या भावाचं. ताई गेल्याला नऊ दिवस झाले होते. आजार मोठा नव्हता, ताप आला आणि चौथ्या दिवशी गेल्या. कार्डावर जागा कमी होती, अक्षर मोठं होतं. शेवटची ओळ पत्त्याच्या बाजूला आडवी लिहिली होती. "फोन करावा म्हटलं होतं साहेब, पण तुमचा नंबर तिलेच पाठ होता."