डब्यातला चांदीचा कागद

सोमवारी सकाळी चंद्रपूरच्या आमच्या घरी आईच्या हातातून चहाची गाळणी पडली... आणि तिथून पुढचा दिवस आम्ही कसा काढला ते आमचं आम्हालाच ठाऊक.

धाकट्या भावाच्या, सुमितच्या लग्नासाठी मी गडचिरोलीहून रजा टाकून आले होते. विहारात साधं, छान लग्न झालं, पाहुणे पांगले आणि सोमवारी नवरदेव बल्लारपूरला कामावर निघाला. नवी नवरी प्रज्ञा, आरमोरीकडची. आमच्या आधी उठून तिनं त्याचा डबा भरून दिला.

आई भलतीच खूश होती. सुनेचं कौतुक करत चहा गाळायला वळली आणि ओट्यावर तिला तो रोल दिसला. पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद...

यात घाबरायचं काय, असं तुम्हाला वाटेल. सुमित काही वर्षांपूर्वी गर्द ओढायचा. ब्राऊन शुगर, हेरॉइन, काय म्हणायचं ते म्हणा. नागपूरला कामाला असताना लागलं आणि ते ओढायचं ते याच कागदावर. मग व्यसनमुक्ती केंद्रात राहिला, सुटला, एकदा घसरला, पुन्हा उभा राहिला. आजही दर रविवारी न चुकता नशा सोडलेल्यांच्या मीटिंगला जातो.

नुसता कागद दिसला तरी तलफ जागी होऊ शकते, असं केंद्रातल्या मॅडमनी आम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. तेव्हापासून तो कागद आमच्या घरात येत नाही. शेजारून काही गुंडाळून आलं की आई दारातच कागद काढून परत करते. गल्लीतल्या बायकांना वाटतं, बाईंना काहीतरी खूळ आहे.

प्रज्ञापासून नशेचं काही लपवलं नव्हतं हं. मुलगी पाहायला गेलो तेव्हा पोह्याला हात लावायच्या आधी सुमितनं स्वतःच सगळं सांगून टाकलं होतं. कागदाचं मात्र कुणीच बोललं नाही. आमच्या ते इतकं अंगवळणी पडलेलं, की ही सांगायची गोष्ट आहे हेच डोक्यात आलं नाही.

आईनं रोल पदराखाली लपवला, जणू तिनंच चोरी केली होती. कामावर सुमित फोन उचलत नाही. जेवणाच्या सुट्टीत लावला तर बिझी. पुन्हा लावला, पुन्हा बिझी... नशेच्या काळात त्याचा फोन असा सारखा बिझी यायचा ते दिवस आम्ही विसरलो नव्हतो. आईचं तोंड एवढंसं झालं.

प्रज्ञा गच्चीवरून कपडे घेऊन आली आणि आमच्याकडे बघतच राहिली. शेवटी मी सांगितलं. पोरीच्या हातातले कपडे तसेच राहिले.

"ताई, मले काऊन नाई सांगितलं? एवढं मोठं सांगितलं, अन् एवढंसं नाई सांगितलं?"

ती भिंतीला टेकून खाली बसली, "पोळ्या वाळू नये मनून केलं जी," एवढंच म्हणत राहिली. आई तिच्या शेजारी जाऊन बसली. आईचा हात तिच्या पाठीवर होता.

संध्याकाळी गाडीचा आवाज आला. आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात, आणि तिची नजर थेट त्याच्या डोळ्यांवर. ही तिची जुनी सवय.

"डोळे पाहून झाले असन तं चहा दे आई," सुमित म्हणाला. "बरा हाये मी."

मग त्यानं सगळं सांगितलं. डबा उघडला, कागद चमकला आणि तलफ उठली. झाकण लावून तो बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला आणि मीटिंगमधल्या एका काकांना फोन लावला. सुट्टी संपेपर्यंत काका फोनवर होते. तलफ गेली का, नाही, पण थोडी उतरली. कागदासकट पोळ्या सोबतच्या माणसाला दिल्या आणि त्याच्या डब्यातला वरणभात खाल्ला.

म्हणजे आम्ही इकडे ज्या बिझी फोनला घाबरत होतो, तोच त्याला तिकडे धरून होता...

"माहं चुकलं," प्रज्ञा म्हणाली.

"तुहं काय चुकलं? मीच सांगाले पायजे होतं. मले तो कागद चालत नाई. आज बी नाई चालत." मग हळूच म्हणाला, "पोळ्या लय नरम होत्या मनते. सगळ्या खाल्ल्या त्यानं."

मग आईकडे वळला. "अन् तू दारातच कागद काढून देते नं, ते मले पहिल्या दिवसापासून माहीत हाये. ते पाहूनच तं मी टिकून राह्यलो." आई चहा टाकायच्या निमित्तानं आत गेली. चहा यायला बराच उशीर झाला, आणि कुणी घाईही केली नाही.

मंगळवारी सकाळी प्रज्ञा मागच्या पळसाची कोवळी पानं तोडून, धुऊन, पुसून घेऊन आली. त्यांच्याकडे शेतावर अशाच शिदोऱ्या जातात म्हणे. पोळ्या पानात गुंडाळल्या आणि मे महिन्याच्या आमच्या चंद्रपुरी उन्हातही त्या संध्याकाळपर्यंत वाळल्या नसत्या. अर्थात संध्याकाळपर्यंत त्या उरल्याच नाहीत.

इतकी वर्षं आम्ही त्याला न सांगता जपत होतो, आणि तो आम्हाला न सांगता ते बघत होता. आता घरात सांगायला लावणारं माणूस आलंय, बरं झालं.

हे लिहू का, असं मी सुमितला विचारलं. म्हणाला, "लिह. कोणाच्या तरी घरी कामी येईन. फक्त ते काका फोनवर होते, ते लिहाले विसरू नको."

नाही विसरले रे. काका, तुम्हाला मी कधी पाहिलं नाही... पण सोमवारी दुपारी माझा भाऊ तुमच्याजवळ होता. जयभीम.